वेगासकट ॲव्हरेज: आडगाव ते मालेगाव आणि परत

नवी गाडी सोसायटीच्या आवारात उभी राहिली, की पेढा हातावर पडायच्या आधी प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" उत्तर ठरलेले असते. छोटी असेल तर वीस, मोठी असेल तर बारा-तेरा. या उत्तरात एक आकडा कायम राहून जातो. वीस दिले, पण किती वेगाला? तीच गाडी, तोच चालक, तोच रस्ता; ताशी ८० ने चालवली तर एक ॲव्हरेज आणि १०० ने चालवली तर दुसरेच. वेग न सांगता सांगितलेले ॲव्हरेज मला तारीख नसलेल्या पावतीसारखे वाटते.

नाशिककरांना हे मोजायची जशी सोय आहे तशी फार थोड्या गावांना असेल. घरून निघून तासाभरात तीन तऱ्हेचे मोकळे रस्ते मिळतात: मालेगाव-धुळ्याकडे जाणारा आग्रा रोड, घोटीच्या पलीकडचा समृद्धी महामार्ग आणि इगतपुरीखालचा कसारा घाट. या तिन्ही ठिकाणी गाडी इंधन पिते ती तीन वेगळ्या कारणांनी. खाली दिलेली कृती दोन सकाळींची आहे. खर्च दोन फेऱ्यांच्या इंधनाचा आणि टोलचा. हाती येते ती आपल्या गाडीची, आपल्या पायाची आणि आपल्या रस्त्याची खरी संख्या.

कंपनीच्या आकड्यावर का थांबू नये, तेही सांगतो. भारतात गाडीचे अधिकृत ॲव्हरेज काढतात ते प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून. पुण्याची एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था त्यासाठी सर्वांना ठाऊक आहे. त्या चाचणीत वेग कमी-जास्त करण्याचा एक ठरलेला क्रम असतो आणि त्यातला सर्वांत मोठा वेग ताशी ९० किलोमीटर. चाचणी खोटी नाही, सगळ्या गाड्यांना एकच माप लावण्यासाठी ती हवीच. पण समृद्धीवर १२० ने जाणाऱ्या गाडीबद्दल ती काही सांगू शकत नाही, कारण तिथपर्यंत ती जातच नाही.

साहित्य

आपली गाडी. टायरची हवा पाहायचा गेज. पंपावरचा चालेल, स्वतःचा असेल तर उत्तम. वही आणि पेन. सेकंद दाखवणारे घड्याळ किंवा मोबाइल. आणि शेजारी बसून लिहिणारे कोणीतरी. हा शेवटचा जिन्नस टाळू नका. चालकाने स्टिअरिंगवर बसून आकडे टिपायचे नाहीत. माझी मुलगी घड्याळ धरते आणि वही सांभाळते, आणि तिचे आकडे माझ्यापेक्षा नीटनेटके असतात.

१. दोन वेग ठरवा

८० आणि १००. आधी हे दोनच. तिसरा वेग त्याच दिवशी घेऊ नका. दोन आकडे चोख निघाले तर तिसऱ्याला अर्थ आहे.

८० च का, असे कोणी विचारेल. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या पीसीआरए या सरकारी इंधन-बचत संस्थेचा जुना सल्ला ४५ ते ५५ चा आहे, आणि निव्वळ इंधनाच्या दृष्टीने तो बरोबरच आहे. पण आजच्या चौपदरी महामार्गावर, मागून भरलेले ट्रक येत असताना, ५० ने रांगणारी कार हा धोका आहे. अमेरिकेने १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७४ मध्ये, देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा घातली होती. ते ८८ किलोमीटर होतात. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर काटकसर आणि व्यवहार यांची गाठ पडते ती ८० ते ९० च्या आसपास. डाव्या लेनमध्ये, ट्रकांच्या चालीने, कोणाला अडचण न होता ८० टिकवता येतात.

१०० चा वेग मात्र जिथे फलक परवानगी देतो तिथेच. गावाजवळ, शाळेजवळ, पुलाच्या कामाजवळ फलक कमी सांगेल तर कमी. प्रयोगासाठी मर्यादा ओलांडायची नाही.

२. रस्ता निवडा

आडगावच्या पुढे, शहराची गर्दी संपल्यावर महामार्गालगतचा एखादा पंप धरा. तिथून ओझर, पिंपळगाव बसवंत, वडाळीभोई, चांदवड, राहुड घाट आणि मालेगाव. मालेगाव शहरात न शिरता अलीकडूनच सुरक्षित जागी वळायचे आणि त्याच रस्त्याने त्याच पंपावर यायचे. जाऊन-येऊन दोनशेच्या आतबाहेर किलोमीटर होतात.

जाऊन-येऊन हा या कृतीचा कणा आहे. नाशिक उंचावर आहे, मालेगाव त्याच्या खाली. एकट्या जाण्याचे ॲव्हरेज काढलेत तर ते फुगलेले येणार, आणि एकट्या येण्याचे काढलेत तर उगाच गाडीला दोष द्याल. परत त्याच जागी आलात की चढ-उताराचा हिशेब बहुतांशी फिटतो.

लांबीही मुद्दाम घेतली आहे. टाकी "फुल" झाली हे नोझलचा खटका सांगतो, आणि तो दर वेळी अगदी त्याच थेंबावर पडत नाही. अडीचशे-तीनशे मिलिलिटरचा फरक गृहीत धरा. त्र्यंबकेश्वरला जाऊन-येऊन ६० किलोमीटरला तीन लिटर लागले, तर ३०० मिलिलिटरची चूक म्हणजे १० टक्के. दोनशे किलोमीटरला दहा लिटर लागले, तर तीच चूक ३ टक्के. छोट्या फेरीवर काढलेल्या ॲव्हरेजवरून होणारी बहुतेक भांडणे या एका चुकीची असतात.

३. दिवस निवडा

दोन्ही फेऱ्या एकाच आठवड्यात, एकाच वेळी, सकाळी लवकर. बाजार समितीला सुट्टी असेल तो दिवस पाहा. कांद्याचे आणि टोमॅटोचे ट्रॅक्टर पिंपळगावकडे निघाले की आग्रा रोडवर स्थिर वेग विसरा. त्यांना घाई करायला लावायची नाही. तो त्यांच्या पोटापाण्याचा दिवस आहे. आपण आपला दिवस बदलावा.

वारा पडलेला हवा. जाताना समोरून आणि येताना मागून, म्हणजे फिटंफाट, असे वाटते. पण तसे होत नाही. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २० किलोमीटरचा वारा समोरून असेल तर ८० ची गाडी हवेच्या दृष्टीने १०० ने जाते, मागून असेल तर ६० ने. शंभराचा वर्ग आणि साठाचा वर्ग यांची सरासरी ऐंशीच्या वर्गापेक्षा जास्तच येते. माझ्या हिशेबाने हवेचा भार या येण्या-जाण्यात ६ टक्के वाढतो. म्हणून आषाढातल्या पश्चिमेच्या वाऱ्यात हा प्रयोग करू नका. ओल्या रस्त्यावर तर नाहीच.

४. गाडी तयार करा

निघायच्या आधी, टायर थंड असताना हवा पाहा. किती हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेले असते. पंपावरचा मुलगा सवयीने सगळ्यांना एकच आकडा मारतो तो नव्हे. दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चालून आलेल्या गाडीचे टायर तापलेले असतात आणि गेज जास्त दाखवतो. ती वाढलेली हवा काढू नका. टायरवर भेगा, फुगवटा, झिजलेली नक्षी दिसली तर प्रयोग तिथेच थांबवा आणि आधी टायर बदला. समृद्धी सुरू झाल्यावर टायर फुटून जे अपघात झाले ते आपण सगळ्यांनी वाचले आहेत.

डिकी रिकामी करा, स्टेपनी आणि जॅक सोडून. छतावरचे कॅरियर काढता येत असेल तर काढा. रिकामे कॅरियरसुद्धा दर किलोमीटरला हवा कापत जाते. दोन्ही फेऱ्यांना माणसे तीच. एसी दोन्ही वेळा चालू ठेवा आणि एकाच आकड्यावर, काचा बंद. एसी बंद करून काढलेले ॲव्हरेज एप्रिलमध्ये कोणाच्याही उपयोगाचे नाही.

५. टाकी भरा

ही पायरी घाईत बिघडते, म्हणून सावकाश.

पंपावर एकच मशीन ठरवा, आणि शक्यतो तेच नोझल. गाडी दोन्ही वेळा त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून उभी करा. जमीन जरा कलती असली तरी टाकीतली पातळी बदलते. मीटरवर शून्य पाहा. भरणाऱ्याला आधीच सांगा, "दादा, पहिला खटका पडला की थांबायचे. राउंड फिगर नको." तो सवयीने पुढचे दोन-तीन झटके देऊन रक्कम गोल करायला जाईल, त्या गोल करण्यातच अर्धा लिटर जातो. शिवाय टाकीत हवेसाठी सोडलेली जागा भरणे गाडीलाही बरे नाही.

मापाची शंका असेल तर भांडू नका, पाच लिटरचे माप मागा. वैधमापन खात्याचा शिक्का असलेले ते माप प्रत्येक पंपावर असावे लागते आणि तपासून मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही.

ट्रिप मीटर शून्य करा. वेळ लिहा. निघा.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट. हल्ली त्यात २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे एकूण ऊर्जा ६ ते ७ टक्क्यांनी घटते. म्हणून पाच वर्षांपूर्वीच्या वहीतला आकडा आजच्या आकड्याशेजारी ठेवून गाडीला म्हातारी ठरवू नका. सीएनजीवर ही कृती तितकी नेमकी बसत नाही. पंपाचा दाब आणि गॅसचे तापमान यांवर सिलिंडरमध्ये किती किलो बसतो ते बदलत राहते. सीएनजीवाल्यांनी पाच-सहा भरण्यांची सरासरी घ्यावी.

६. वेग धरा

स्पीडोमीटरवर विसंबू नका. त्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचे नाही असा नियम आहे, त्यामुळे कंपन्या तो थोडा जास्तच दाखवणारा ठेवतात. खरा वेग मोबाइलच्या जीपीएसवर दिसतो. त्याहून मला आवडते ती जुनी रीत: किलोमीटरचे दगड. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत ४५ सेकंद लागले तर वेग ८०, ३६ सेकंद लागले तर १००. चार-पाच दगड मोजले की आपल्या काट्यावर कुठे धरायचे ते कळते, आणि मग पुढचा सगळा रस्ता काटा तिथेच ठेवायचा. याच वेळी ट्रिप मीटरही तपासून घ्या. पन्नास दगडांना मीटर ५१ दाखवत असेल, तर शेवटच्या हिशेबात तेवढी दुरुस्ती करा.

क्रूझ कंट्रोल असेल तर सपाट रस्त्यावर लावा, पण राहुड घाटात काढून टाका. घाटात गाडी चालकाच्या पायात हवी.

ब्रेक जितके कमी, तितका आकडा खरा. हजार किलोची गाडी १०० च्या वेगाला असताना तिच्यात सुमारे ३८५ किलोज्यूल साठलेले असतात. त्याच वेगाने सपाटीवर एक किलोमीटर जायला चाकांना साधारण ४०० लागतात. म्हणजे शंभरवरून एकदा पूर्ण थांबलात, की जवळपास एका किलोमीटरची मेहनत ब्रेकच्या उष्णतेत गेली. पिंपळगाव आणि चांदवडचे टोलनाके लांबून दिसतात. दिसले की ॲक्सिलरेटरवरून पाय उचला आणि गाडी गिअरमध्येच राहू द्या. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये अशा वेळी इंजिनात इंधन जवळजवळ जातच नाही. न्यूट्रलला टाकलीत तर इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जाते, आणि उतारावर गाडीचा ताबाही जातो. सातपूरच्या मायको कारखान्यात आयुष्यभर इंजेक्शनचे नोझल बनवलेली माणसे या शहरात गल्लोगल्ली आहेत. त्यांना विचारा, ते माझ्याहून चांगले समजावतील.

ट्रकच्या मागे चिकटून जाऊ नका. त्याच्या आडोशाला हवेचा भार कमी होतो हे खरे आहे, आणि म्हणूनच हा मोह सांगून ठेवला पाहिजे. शंभरच्या वेगाला गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. तीन सेकंदांचे अंतर म्हणजे ८४ मीटर. तेवढ्या अंतरावर आडोसा फारसा उरत नाही, आणि त्याहून जवळ जायचे कारण इंधन असूच शकत नाही.

७. परत या, भरा, भागा

त्याच पंपावर, त्याच मशीनला, पहिल्या खटक्यापर्यंत. किलोमीटर भागिले लिटर. दुसऱ्या सकाळी दुसऱ्या वेगाने हेच सगळे पुन्हा.

आकडे कसे वाचायचे, त्याचे एक समजा-उदाहरण घेऊ. दोन्ही फेऱ्या १९५ किलोमीटरच्या. ८० ला ९.६ लिटर, १०० ला ११.४ लिटर. म्हणजे २०.३ आणि १७.१ चे ॲव्हरेज. आता भरण्याची चूक दोन्हीकडे ३०० मिलिलिटर धरा, आणि तीही आपल्या निष्कर्षाच्या विरुद्ध बाजूला: ९.९ आणि ११.१. तरी फरक उरतोच. तो उरला नाही, तर निष्कर्ष काढू नका. फेरी पुन्हा करा.

मग एक सवय लावून घ्या. लिटरला किती किलोमीटर याच्या शेजारी १०० किलोमीटरला किती लिटर तेही लिहा. एसटीत डिझेलचा हिशेब दहा लिटरला किती किलोमीटर असा ठेवतात. तो मोठ्या ताफ्याला सोयीचा आहे. घरच्या खिशाला मात्र उलटा हिशेब जास्त खरे सांगतो. छोट्या गाडीचे ॲव्हरेज २० चे २५ झाले तर १०० किलोमीटरला एक लिटर वाचतो. मोठ्या गाडीचे १० चे फक्त १२ झाले तरी १.६७ लिटर वाचतात. पहिल्या बातमीवर घरात पेढे वाटले जातील, दुसरीकडे कोणी पाहणार नाही. पैसे मात्र दुसरीत जास्त वाचले.

८. आता मोठ्या गाडीने हेच करा

स्कॉर्पिओ २००२ साली आली ती याच गावात बनून, त्यामुळे नाशिकमध्ये प्रत्येक नात्यात एक तरी मोठी गाडी सापडते. माझ्या बहिणीकडे आहे. "दाजी, दोन सकाळी गाडी द्या, डिझेल माझे," म्हटले की दाजी नाही म्हणत नाहीत, स्वतःच चालवायला बसतात.

मोजण्याआधी कागदावरचा हिशेब मांडतो. हा हिशेब आहे, मोजलेले आकडे नव्हेत. पण पाया पक्का आहे. माणसांसकट १,००० किलोची छोटी गाडी धरली, समोरून २ चौरस मीटर, रोधाचा गुणांक ०.३४. आणि २,००० किलोची मोठी गाडी, समोरून २.७ चौरस मीटर, गुणांक ०.३८. हवा नाशिकची. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीमुळे ती मुंबईपेक्षा ७ टक्क्यांनी विरळ आहे, म्हणजे आपल्या बाजूने थोडी सूटच.

सपाट रस्त्यावर गाडीला दोनच गोष्टी मागे ओढतात. टायरचे दबणे, जे वजनावर अवलंबून असते आणि वेगाने फारसे बदलत नाही. आणि हवा, जिला वजनाशी देणेघेणे नाही, फक्त आकार आणि वेग. दर किलोमीटरला चाकांनी करायचे काम असे येते. छोट्या गाडीला ८० ने ३०० किलोज्यूल, १०० ने ४००, १२० ने ५२५. मोठ्या गाडीला ८० ने ५१०, १०० ने ६६५, १२० ने ८५५.

या सहा आकड्यांत एक जोडी पाहा. मोठी गाडी ८० ने: ५१०. छोटी गाडी १२० ने: ५२५. छोटी गाडी घेऊन जी काटकसर केली, ती पायाने १२० वर नेऊन पुरती संपवता येते. मला या साऱ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. गाडीचा आकार आपण दहा वर्षांतून एकदा निवडतो, वेग रोज निवडतो.

प्रत्यक्ष इंधनाचा फरक या कामाच्या प्रमाणात तंतोतंत वाढणार नाही. हलक्या भाराला पेट्रोल इंजिन इंधन वाया घालवते, भार वाढला की जरा बरे वागते. म्हणून चाकांचे काम एक तृतीयांशाने वाढले तरी इंधन त्याहून कमी वाढलेले दिसेल. किती कमी, ते आपल्या वहीतच कळेल. म्हणून तर मोजायचे. छोटी पेट्रोलवर आणि मोठी डिझेलवर असेल तर लिटरशी लिटर ताडू नका. डिझेलच्या लिटरमध्ये ऊर्जा जास्त आणि इंजिनही कमी वाया घालवणारे. तिथे रुपयांनी तुलना करा.

ओझरवरून जाताना डाव्या-उजव्या हाताला विमान कारखान्याच्या खुणा दिसतात. १९६४ पासून तिथे लढाऊ विमानांचे काम चालते. हवेचा विचार केल्याशिवाय त्या माणसांचा एक दिवस जात नसेल. आपल्या गाड्यांची तोंडे मात्र वर्षागणिक उंच आणि चौकोनी होत चालली आहेत, आणि रस्ते जास्त वेगाचे. या दोन गोष्टी एकत्र वाढणे मला काळजीचे वाटते.

९. समृद्धीवर, हवे असेल तर

नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला उघडला, शिर्डी ते भरवीर मे २०२३ मध्ये, भरवीर ते इगतपुरी मार्च २०२४ मध्ये आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे ५ जून २०२५ ला. आता ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग आहे. सपाटीवर कारला १२० ची मुभा आहे, घाटात १०० ची.

घोटीत टाकी भरा, भरवीरला वर चढा, शिर्डीला उतरून वळा, परत घोटी. वरचे अंतर जाऊन-येऊन १६० किलोमीटर. एक फेरी १०० ने, एक १२० ने. १२० ला एक किलोमीटर बरोबर ३० सेकंदांत जायला हवा. दुपारी करू नका. काँक्रीट तापलेले असते आणि टायरही. १०० ने जाताना डावीकडची लेन. आणि लांब सरळ रस्त्यावर डोळा जड होतो हे अनुभवलेल्यांनी प्रयोग सोडून गाडी उतरवावी, फेरी पुन्हा करता येते.

१०. घाटाचा हिशेब वेगळा ठेवा

कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंतची चढण सुमारे ३०० मीटरची आहे. रेल्वेला तिथे मागून जादा इंजिने लावावी लागतात. इथे हवा गौण, वजनच सगळे. हजार किलो तेवढे वर न्यायला सुमारे पाव ते एक तृतीयांश लिटर पेट्रोल, दोन हजार किलोला त्याच्या दुप्पट. छोटी आणि मोठी गाडी यांच्यातला फरक सर्वांत उघडा पडतो तो इथे, आणि वेगाने तो फारसा बदलत नाही. म्हणून मुंबई-नाशिक फेरीचे ॲव्हरेज मालेगाव फेरीच्या आकड्याशी ताडू नका. लग्नाला सात माणसे आणि रुखवताचे सामान घेऊन कसारा चढलेल्या गाडीला घरी आल्यावर नावे ठेवू नका.

११. तासाचा भाव काढा

वरच्या समजा-उदाहरणात १०० ने गेल्यावर १.८ लिटर जास्त लागले. लिटरला १०० रुपये धरले तर १८० रुपये. वेळ वाचला २९ मिनिटे. म्हणजे वाचलेल्या तासाचा भाव सुमारे ३७० रुपये पडला. आपले खरे लिटर आणि पंपावरचा खरा भाव घालून हा आकडा काढा. रुग्णाला घेऊन निघाला असाल तर हा हिशेब करायचाच नाही. सप्तशृंगीला दर्शनाला किंवा मालेगावला मावशीकडे निघाला असाल तर अर्धा तास आधी उठणे परवडते का, ते ज्याचे त्याने पाहावे. मी उठतो.

१२. लिहून ठेवा

पोस्टकार्डाएवढ्या कागदावर: तारीख, टायरची हवा, माणसे किती, एसी चालू, ८० ला किती, १०० ला किती. गाडीच्या स्क्रीनवर जे ॲव्हरेज दिसत होते तेही शेजारी लिहा. ते आपल्या आकड्यापेक्षा किती वेगळे येते हे एकदा कळले, की पुढे रोज स्क्रीनवरूनच अंदाज बांधता येतो. कागद आरसीच्या पाकिटात ठेवा. टायर बदलले, गाडीला आठ-दहा हजार किलोमीटर झाले किंवा ॲव्हरेज पडल्यासारखे वाटले, की मेकॅनिककडे जायच्या आधी एक सकाळ काढून ८० ची फेरी पुन्हा करा, आणि हा कागद सोबत घेऊन मगच त्याच्याकडे जा.